पडद्यामागचा पाळणा

गणराजच्या कानांचं कौतुक चाकणच्या कंपनीत पुष्कळ होतं, पण सगळ्यात जास्त ते खुद्द गणराजला होतं. गिअरबॉक्स जोडून झाला की लाइनच्या शेवटी एका बंद काचेच्या खोलीत यायचा. तिथे तो मोटारीवर फिरवायचा आणि गणराजने डोळे मिटून ऐकायचं, एवढंच त्याचं काम. आवाज ठीक असला की तो मान हलवी आणि हेल्पर हिरवं स्टिकर चिकटवी. खोट असली तर गणराज तोंडातून शब्द काढत नसे, उजव्या हाताचं पहिलं बोट नुसतं वर करी. बोट वर गेलं की लाल स्टिकर. मग समोर इंजिनिअर असो नाहीतर मॅनेजर, वाद घालायची कुणाची टाप नव्हती, कारण तो गिअरबॉक्स खोलला की आत काही ना काही बिघडलेलं सापडायचंच.

लाल स्टिकर लागलेला माल चांगल्या मालाशेजारी ठेवायचा नाही, असा कंपनीचा कडक नियम. तो आधी पिंजऱ्यात जायचा आणि शिफ्ट संपायच्या आत मोडीत निघायचा. हा नियम गणराजच्या अंगात इतका मुरला होता की घरात एखादा टोमॅटो मऊ लागला तरी तो टोपलीत पडून राहत नसे, त्याच क्षणी कचऱ्यात जाई. ते बोटही तो घरी घेऊन यायचा. कुकरची शिट्टी फुसकी झाली, बोट वर. शेजाऱ्याच्या स्कूटरचा सायलेन्सर फाटला, बोट वर. मुलीच्या हळदीत होणाऱ्या जावयाने हौसेने गाणं म्हटलं, तर वऱ्हाड टाळ्या वाजवत असताना सासरेबुवांचं बोट वर. बिचारा जावई त्यानंतर त्यांच्यासमोर कधी गुणगुणलासुद्धा नाही.

जिच्या आवाजाला ते बोट कधी वर गेलं नाही अशी एकच व्यक्ती होती, त्याची बायको कौशल्या.

दोघंही लातूरकडची. लग्नानंतर चिखलीत आली, आधी पत्र्याच्या खोलीत आणि मग स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहिली. कौशल्या फार बोलकी नव्हती, पण गळा असा की सोसायटीत कुणाचंही बारसं निघालं की पेढ्यांच्या आधी तिला सांगावा जाई. पाळणा म्हणायला कौशल्याबाईच हव्यात. तिच्या आईने स्वतः रचलेला एक पाळणा होता, तोच ती सगळीकडे म्हणे:

हळू सांगा नाव गं, कान बाळाचा कोवळा,
आत्याबाई ओठी धरा गूळखोबऱ्याचा गोळा.

त्यातला ‘कोवळा’ उंच जागेवर होता. तिथे पोचली की ती आवाज चढवायची नाही, उलट बारीक करायची, आणि खोलीतल्या बायका आपोआप गप्प व्हायच्या. मुलगी करिष्मा नाशिकला सासरी होती. तिला दिवस जातील आणि बारसं आपल्या घरी होईल, या एकाच गोष्टीवर कौशल्याचा जीव टांगलेला होता. जगाच्या पोरांना आपण निजवलं, आता आपल्या नातवंडाला निजवायचं, असं ती येताजाता म्हणे.

आता गणराजच्या दुसऱ्या संसाराबद्दल सांगायला हवं. तो हॉलमध्ये होता. सोफा केव्हाच गावी गेला होता, टीव्ही बेडरूममध्ये हद्दपार झाला होता, आणि हॉलच्या पुढच्या भिंतीशी दोन उंच स्पीकर, खाली अँप्लिफायर आणि समोर बरोबर मध्यावर एक खुर्ची, एवढंच उरलं होतं. त्या खुर्चीत फक्त गणराज बसायचा. पाहुणे आले तर बाजूच्या चटईवर. कंपनीला गुरुवारी सुट्टी, त्यामुळे दर गुरुवारी दुपारी तिथे बैठक भरे. कायमचे मानकरी दोन. एक यशवंतराव, चिखलीच्या जुन्या गावकीतले. त्यांच्या शेतात आता बारा मजली इमारती उगवल्या होत्या आणि घरात परदेशी स्पीकर. दुसरा आयुष, सांगवीत राहणारा आयटीतला मुलगा, जो लॅपटॉपवर आवाजाचे आलेख काढायचा आणि गणराजला काका म्हणायचा. कुणी नवा अँप आणला की तो जोडायचा, जुना काढायचा, पुन्हा जुना जोडायचा आणि कुठला खरा वाटतो यावर संध्याकाळपर्यंत तावातावाने बोलायचं, हा त्यांचा कार्यक्रम. चहा कौशल्याचा.

एका गुरुवारी यशवंतरावांनी सहज विचारलं की सगळी मशीनं एकमेकांशी ताडून बघता, पण खऱ्या आवाजाशी कोण ताडून बघतं? ते गणराजला झोंबलं. आणि त्याला युक्ती सुचली ती अशी: दोन स्पीकरांच्या मधे जाड मरून पडदा टांगायचा, पडद्यामागे कौशल्याने उभं राहून पाळणा म्हणायचा. तोच पाळणा त्याने चांगल्या माइकवर टिपून ठेवला. कधी ती गाईल, कधी मशीन. ऐकणाऱ्याने ओळखायचं. पडद्यामागे त्याने एक छोटा दिवा बसवला. दिवा लागला की तिने गायचं, विझला की गप्प. दोघी मिळून एकच वाटल्या पाहिजेत, असं तो म्हणाला. दोघी म्हणजे बायको आणि मशीन.

पहिल्याच खेपेला यशवंतराव सपशेल फसले. पडद्यामागे कौशल्या असताना ते मशीन म्हणाले आणि मशीनला वहिनी म्हणाले. हसतहसत त्यांनी कान धरले, म्हणाले, “ह्या माणसाचा कान म्हंजे सोनं हाय, सोनं. आमी नुसता पैका वतला.” एवढ्या बड्या माणसाच्या तोंडून हे ऐकून गणराजची छाती फुगली. पुढे आठवडाभर कंपनीत तो तीच गोष्ट सांगत होता. माझ्या घरात खऱ्याखोट्यातला फरक कुणी ओळखून दाखवावा, असं त्याने जाहीरच करून टाकलं.

दिवाळी उलटली आणि फरक ओळखू यायला लागला.

आधी आयुषने ओळखलं, मग यशवंतरावांनी, मग दर खेपेला दोघांनी. मशीनमधला आवाज स्वच्छ आणि उजळ यायचा, पडद्यामागून येणाऱ्या आवाजाला मात्र खालून काहीतरी खरखरीत लागायचं, विशेषतः ‘कोवळा’वर. गणराजने डोळे मिटून ऐकलं आणि निदान केलं. मशीन खोटं बोलतंय, म्हणाला. हा अँप आवाजाला पॉलिश मारतो, खऱ्या माणसाच्या आवाजातला खरखरीत दाणा खाऊन टाकतो. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. गणराजने निदान केल्यावर दुसरं कोण काय बोलणार?

तुम्हाला एव्हाना कळलं असेल. शेंबड्या पोरालाही कळेल. पण अवघ्या चाकणमध्ये ज्याच्या कानाचा दरारा होता, त्या माणसाला ते कळलं नाही, आणि यापुढे मी त्याच्याबद्दल काही बरं सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका.

कौशल्याला स्वतःला कळत होतं. सकाळी घशात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं, खाकरलं तरी जायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या बारशात पाळणा म्हणताना ‘कोवळा’वर आवाज फाटला, तेव्हा बायकांनी गप्प होण्याऐवजी एकमेकींकडे पाहिलं. घरी येऊन तिने गणराजला सांगितलं. स्वयंपाकघरात तो पाणी पीत उभा होता.

“अहो, माझा आवाज बसल्यावानी वाटायलाय. लई दिवस झाले. दवाखान्यात दाखवावं का?”

गणराजने ग्लास खाली ठेवला आणि तिला तिथेच, ओट्यासमोर, पाळणा म्हणायला लावला. त्याने डोळे मिटले. ती गायला लागली. गाताना तिची नजर त्याच्या उजव्या हातावर होती. संसारात इतकी वर्षं तिने त्या बोटाचा धाक पाहिला होता, आणि आज पहिल्यांदाच तिला वाटत होतं की ते वर जावं. ‘कोवळा’ आलं, घशात काच फिरल्यासारखी झाली, तरी तिने ते ओढलं. बोट जागचं हललं नाही.

“काही खोट नाही,” तो म्हणाला. “तुझ्या आवाजाला काय झालंय? गोष्ट सगळी अँपची आहे, ती मी बघायलोय. ज्येष्ठमध धर तोंडात.”

बोट वर गेलं नाही तरी ते ऐकून तिला हायसंच वाटलं. ह्यांनी ऐकलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. दुसऱ्या दिवशी शेजारणीने घशाबद्दल विचारलं तर तिने थोड्या अभिमानानेच सांगितलं की आमच्या ह्यांनी तपासलाय, ठीक आहे म्हणतात.

त्याने खोटं सांगितलं नव्हतं, हेच वाईट. त्याला खरोखरच ऐकू आलं नाही. कंपनीत प्रत्येक मापाचा एक मास्टर तुकडा असतो. बाकी सगळा माल त्याच्याशी ताडून पास-नापास करायचा, मास्टरवर शंका घ्यायची नाही. हॉलमध्ये गणराजने कौशल्याला मास्टर ठरवलं होतं. तेव्हा ती चुकणं शक्यच नव्हतं, चुकत होतं ते मशीन. मास्टर तुकडासुद्धा वर्षातून एकदा बाहेर तपासायला पाठवतात, हे मात्र तो सोयीस्करपणे विसरला.

मग सुरू झाली अँपची फिरवाफिरवी. चांगला चालणारा अँप त्याने काढून टाकला आणि व्हॉल्व्हवाला आणला, काचेच्या नळ्या लालसर पेटणारा. त्याने आवाज जाड झाला, पण दाणा येईना. मग स्पीकर बदलले. यशवंतरावांच्या पडवीतला जुना, भल्या मोठ्या कागदी वूफरचा जोड टेम्पोतून आला. त्याचाही इलाज चालला नाही. दर गुरुवारी कौशल्या पडद्यामागे उभी राहायची, दिवा लागला की गायची, विझला की थांबायची. पुन्हा, वहिनी. अजून एकदा, नुसता ‘कोवळा’. आता जरा हळू. आता पहिल्यासारखं. एका अँपला एकदा आणि दुसऱ्याला एकदा, शिवाय प्रत्येक वायरला पुन्हा एकदा. थांबल्यावर ती पडद्यामागच्या तांब्यातलं पाणी प्यायची, आणि ते गिळताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागायचा. पडदा जाड होता. चांगला, महागाचा होता.

एकदा आयुषने लॅपटॉपवर दोन्ही आलेख शेजारीशेजारी लावले आणि बराच वेळ पाहत बसला. मग चाचरत म्हणाला, “काका, मला वाटतं फरक सिस्टीममध्ये नाहीये. सोर्समध्येच काहीतरी बदललंय.”

“सोर्स म्हणजे कोण?” गणराज म्हणाला. “तुझी काकू? मग काकूला सर्व्हिसिंगला टाकू का?”

यशवंतराव पोट धरून हसले. आयुषही ओशाळून हसला आणि त्याने लॅपटॉप मिटला. पडद्यामागून कौशल्याही हसली. ते हसणं खोकल्यात गेलं आणि बराच वेळ थांबलं नाही. गणराजने तेवढ्या वेळात वायर बदलून घेतली.

त्यानंतर तिने एकदाच, त्याला न विचारता, दवाखान्याचा नंबर लावला. घशाचे मोठे डॉक्टर नेमके गुरुवारी दुपारी येत. बुधवारी तिने त्याला सांगितलं, तर तो चिडला. उद्या यशवंतराव स्वतः नवा अँप घेऊन येतायत, खास या परीक्षेसाठी मागवलाय, आणि तूच नसशील तर मी काय पडद्यामागे उभा राहू? पुढच्या आठवड्यात जा म्हणाला. पुढच्या आठवड्यातही गुरुवारच होता. तिने पुन्हा नंबर लावला नाही. आपल्याला काही झालेलं नाही हे ज्याने सांगितलं, त्याचा कान सोन्याचा होता. त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं तिला वाटलं.

उन्हाळा लागता लागता गणराजला अखेर साक्षात्कार झाला. अँप ठीक, स्पीकर ठीक, खोट मुळातल्या रेकॉर्डिंगमध्येच आहे. माइकनेच तेव्हा पॉलिश मारलं असणार. एवढी साधी गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही, म्हणून त्याने कपाळावर हात मारून घेतला. लगेच कौशल्याला उभं करून त्याने नवा माइक लावला आणि पाळणा नव्याने टिपला. एका दमात ती म्हणू शकली नाही, तुकडे जोडावे लागले.

त्या गुरुवारी पुन्हा परीक्षा झाली. दिवा लागला, विझला, मशीन वाजलं, पुन्हा दिवा लागला. यशवंतरावांनी डोकं खाजवलं, आयुषने हात टेकले. दोघांनाही ओळखता येईना. ‘कोवळा’वरची प्रत्येक खरखर, शब्दांमधली धाप, शेवटी लागलेली कुई, सगळं दोन्हीकडून हुबेहूब येत होतं. यशवंतरावांनी टाळी वाजवली. गणराजने खिशातून हिरवं स्टिकर काढलं आणि स्पीकरच्या कपाळावर चिकटवलं. कौतुक चाललेलं असताना पडद्यामागे कौशल्या खाली बसली होती.

पाहुणे गेल्यावर त्याने एक काम आठवणीने केलं. जुनं रेकॉर्डिंग नापास झालं होतं. नापास माल चांगल्या मालाशेजारी ठेवायचा नाही. त्याने ते कॉम्प्युटरवरून पुसलं, पेन ड्राइव्हवरून पुसलं, आणि कुठे चुकून शिल्लक राहिलं नाही ना, याची खात्री करून घेतली. शिफ्ट संपायच्या आत मोडीत.

करिष्मा बाळंतपणाला आली ती ज्येष्ठाच्या सुरुवातीला. फोनवर आईचा आवाज जड वाटायचा, तर ती रेंजला दोष द्यायची. दारात कौशल्याने भाकरतुकडा ओवाळला, ये बाई म्हणाली, आणि करिष्माने उंबऱ्यावरच तिचा हात धरला. घरात पाऊलसुद्धा न टाकता तिने रिक्षा परत बोलावली. सातव्या महिन्याचं पोट घेऊन ती आईला दवाखान्यात घेऊन गेली. गणराज शिफ्टवरून थेट तिथे पोचला.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. मग हात धुऊन विचारलं, आवाज कधीपासून असा आहे?

गणराज म्हणाला, “आवाज ठीक आहे, डॉक्टर. मी दर गुरुवारी ऐकतो. कंपनीत माझं तेच काम आहे.”

डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचं सगळं करिष्माशी बोलले. स्वरयंत्रावर कॅन्सरची गाठ होती. दिवाळीच्या सुमाराला आल्या असत्या तर नुसत्या किरणांवर भागलं असतं, आवाजही बराचसा राहिला असता. आता स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल अशी आशा आहे, बोलणं राहणार नाही. कौशल्या शेजारीच बसली होती. तिने सगळं ऐकलं आणि गणराजच्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात त्याच्या मांडीवर पालथा पडला होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी करिष्माने आईला पाळणा म्हणायला सांगितलं, फोनवर टिपून ठेवते म्हणाली. तोवर कौशल्याच्या गळ्यातून हवाच निघत होती. तिने मान हलवली आणि लेकीच्या पोटावर हात ठेवला.

गणराज या काळात रडला, नवस बोलला, रजा टाकली, दवाखान्याच्या बाकावर झोपला. हे सगळं त्याने केलं. पण त्याच्या डोक्यात एक दिलासा पक्का बसला होता, आणि तो त्याने बारशाच्या दिवसापर्यंत कुणाला सांगितला नाही. आवाज गेला तरी गेलेला नाही. आपण तो टिपून ठेवलाय. इतका हुबेहूब, की मोठमोठ्यांनी हात टेकले.

मुलगी झाली. बारसं चिखलीच्या घरीच करायचं ठरलं. चटया बाजूला सारून हॉलमध्ये पाळणा बांधला, नेमका दोन स्पीकरांच्या मधे, कारण मरून पडद्याचा हूक तेवढा मजबूत होता. सोसायटीतल्या बायका आल्या. यशवंतराव पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले आणि सोबत त्यांची म्हातारी आई गोजाबाई. तिने कौशल्याचा पाळणा गावकीतल्या कितीतरी बारशांत ऐकला होता. कौशल्या भिंतीशी बसली होती, नव्या साडीत, ऑपरेशनने श्वासासाठी गळ्यात ठेवलेल्या भोकावर पांढरा रुमाल. तिच्याकडे बघायचं आणि बघायचं नाही, असं बायकांचं चाललं होतं.

आत्याने बाळाच्या कानात उत्कर्षा असं नाव सांगितलं. आता पाळणा. बायका घुटमळल्या, कुणी सुरुवात करीना. तेव्हा गणराज पुढे झाला. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, “पाळणा आजीच म्हणणार.” आणि त्याने अँप चालू केला.

हळू सांगा नाव गं.

आवाज खोलीभर उभा राहिला. उत्तम यंत्रणा होती ती, काही सोडत नव्हती. शब्दाआधीचं खाकरणं, श्वास घेताना आत कुठेतरी घासणारं काहीतरी, ‘बाळाचा’च्या मधेच लागलेली ठेच. ‘कोवळा’ आलं तेव्हा तो आवाज गाण्याचा राहिलाच नाही. वेदनेने कण्हणारी बाई दोन माणूसउंच पेट्यांमधून, दोन्ही कानांत बरोबर सारखी कण्हत होती. पाळण्यातलं पोर दचकून रडायला लागलं. एका बाईने तोंडाला पदर लावला.

गोजाबाईने मान वर केली. “आरं लेकरा, ही तर तवाच आजारी हुती,” ती म्हणाली. “आंधळ्या-बहिऱ्यालाबी कळंल. तू समोर बसून ऐकत हुतास न्हवं? तुला नाय कळलं?”

आणि गणराजला ऐकू आलं. इतके महिने जे आलं नव्हतं ते एकदम, सगळंच्या सगळं आलं. त्याचा उजवा हात आपोआप उठला, बोट वर गेलं, हेल्परसाठी जातं तसं, आणि सगळ्यांच्या देखत तसंच राहिलं. यशवंतराव पेढ्यांच्या बॉक्सकडे बघत होते. करिष्माने पोरीला पाळण्यातून उचलून घट्ट धरलं.

“बाबा, बंद करा ते.”

तो बटणाकडे वळला. कौशल्याने हात वर करून त्याला थांबवलं. पाळणा शेवटपर्यंत वाजला.

पाहुणे गेल्यावर त्याने जुनं रेकॉर्डिंग शोधलं. कॉम्प्युटर उलटापालटा केला, ड्रॉवरमधले सगळे पेन ड्राइव्ह लावून पाहिले, आयुषला फोन करून विचारलं की तुझ्या लॅपटॉपवर चुकून राहिलं असेल. आयुष म्हणाला, तुम्हीच तर मला ते कधी नेऊ दिलं नाही, काका. पुसलेलं परत आणता येतं का, असंही गणराजने विचारलं. आयुषने एक गुरुवार घालवून प्रयत्न केला. काही मिळालं नाही. गणराजचं काम पक्कं होतं.

मग त्याने सगळं विकून टाकायचं ठरवलं. स्पीकरची वायर काढायला तो वाकला, तर कौशल्या येऊन त्याच्या आणि अँपच्या मधे उभी राहिली. तिने मान हलवली, नाही. स्पीकरच्या कपाळावरचं हिरवं स्टिकरही तिने काढू दिलं नाही.

आता दर गुरुवारी दुपारी चिखलीच्या त्या हॉलमध्ये बैठक असते. यशवंतराव येत नाहीत, आयुष येत नाही. करिष्मा पोरीला घेऊन नाशिकला गेली. मधल्या खुर्चीत कौशल्या बसते आणि गणराज बाजूला चटईवर. ती अँपकडे हात करते. तो उठून पाळणा लावतो आणि पुन्हा जागेवर येऊन बसतो. पहिल्या दोन-तीन गुरुवारी त्याने हात जोडले, पाया पडला, म्हणाला बास कर आता. ती तो गप्प होईस्तोवर थांबली आणि पुन्हा अँपकडे हात केला.

पाळणा चालू होतो. ती त्याच्याकडे बघत असते, कारण त्याने डोळे मिटलेले तिला चालत नाहीत. ‘कोवळा’ येतं. कौशल्या उजव्या हाताचं पहिलं बोट वर करते. मग त्याने रेकॉर्डिंग थोडं मागे न्यायचं आणि तेवढा तुकडा पुन्हा लावायचा.